नाताळचा फराळ कुणाचा?

डिसेंबर लागला की ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मुलीच्या शाळेच्या गेटपाशी कुणी ना कुणी विचारतंच, "नाताळला तुमच्याकडे काय काय असतं हो?" मी सांगते, करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, नानकटाई. ऐकणाऱ्याचा जरा हिरमोडच होतो. प्लम केक, वाईन असलं काहीतरी ऐकायची तयारी असते. मग पुढचा प्रश्न येतो, आणि खरा प्रश्न तोच असतो: "पण हा तर दिवाळीचा फराळ ना? तुमच्यात कसा काय?" परवा एक काकू तर कौतुकानं म्हणाल्या, "छान हो, तुम्ही लोक आमचंही सगळं करता."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमचं काही आम्ही करत नाही, काकू. आमचंच करतो.

एक म्हणजे मी वांद्र्याची नाही आणि गोव्याचीही नाही. हिंदी सिनेमातली फुलाफुलांच्या फ्रॉकमधली आंटी आणि हातात बाटली घेतलेले अंकल माझ्या नात्यागोत्यात कुणीच नाहीत. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच. गाव राहुरीच्या बाजूला. माझी आजी नऊवारी नेसायची, चर्चला देऊळ म्हणायची, आणि रविवारी भक्तीला जाताना डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं पडलं १८३१ साली. हे मिशनरी लोक अमेरिकेतल्या बॉस्टनकडच्या, प्युरिटन म्हणजे कडक साध्या आचाराच्या प्रॉटेस्टंट परंपरेतले. आता गंमत पाहा. बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, तिथे १६५९ साली कायदा झाला होता, की नाताळ पाळताना कुणी सापडला तर पाच शिलिंग दंड. हा सण बायबलात कुठे सांगितलाय, हे सगळे खाण्यापिण्याचे थेर आहेत, असं त्यांचं म्हणणं. कायदा १६८१ मध्ये गेला, पण तिथे नाताळची सरकारी सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडलं. म्हणजे नगरला जे पहिलेवहिले साहेब आले, त्यांच्या माहेरीच नाताळाचा फारसा थाट नव्हता. ते आम्हाला काय शिकवणार, कपाळ! पुढे अमेरिकेतही सण रुळला आणि मागाहून आलेल्या मडमांनी केक आणि झाड आणलं, हे खरं. पण १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर महारवाड्या-मांगवाड्यांतून जी माणसं मोठ्या संख्येनं मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत आली, ती सण कसा करायचा हे आपापल्या घरूनच शिकून आली होती. अंगावर नवं कापड, ताटात गोड, शेजारी वाटा, आणि दारात पाव्हणे. माझा तर्क असा, की सणाची जागा मोकळी होती आणि ती आमच्या बायाबापड्यांनी आपल्या पद्धतीनं भरली.

करंजीचं मात्र खरं सांगायला हवं. आजीच्या लहानपणी नाताळात करंजी नव्हतीच. ती म्हणायची, "आमचा नाताळ म्हंजी गहू." वर्षभर बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, नाताळला गव्हाची पोळी आणि गुळवणी. मैदा, साखर, तळणाला कढईभर तेल, ही चैन पुढे आली, घरात मास्तरकीचा पगार यायला लागल्यावर. त्यामुळे फराळ दिवाळीचा की नाताळचा यापेक्षा तो परवडणाऱ्याचा, असं मला वाटतं.

माझ्या लहानपणी तो यायला लागला होता. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिशनच्या कंपाऊंडात राहणाऱ्या बायका दुपारी पोळपाट घेऊन एकमेकींकडे जायच्या. आज हिच्या करंज्या, उद्या तिच्या. सारणाला सुकं खोबरं आणि खसखस भाजण्याचं काम आजीचं, कारण खसखस करपली तर सगळं वाया. लाटणाऱ्या चौघी, भरणारी एक, कातण्यानं कड कापणारी एक. कातणं हातात मिळावं म्हणून आम्ही पोरी भांडायचो. झालेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या, नाहीतर सुकून तेलात फुटतात. हात चालू असताना भजनं चालू. कुणाची मुलगी सासरी कशी आहे, पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची बदली कुठे होणार, याही बातम्या तिथेच कळायच्या.

नानकटाईसाठी बेकरी. मैदा, पिठीसाखर, डालडा मोजून पिशवीत घालायचं आणि पत्र्याचा रिकामा डबा घेऊन रांगेत उभं राहायचं. बेकरीवाले चाचा आईला दरवर्षी विचारायचे, "ताई, विलायची टाकायची ना?" आणि आई दरवर्षी म्हणायची, "थोडी जास्तच टाका." भट्टीतून ट्रे बाहेर आला की गरम नानकटाईला हात लावू देत नसत, मोडते म्हणून. डबा घरी पोचेपर्यंत वरचा थर मात्र हमखास कमी झालेला असे. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी सांगते: नानकटाईत अंडं नाही, निर्धास्त खा. केकमध्ये आहे.

नाताळला घरावर टांगायची चांदणी वडील करायचे. आकाशकंदिलाला लागतात तशाच बांबूच्या कामट्या. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन बांधायच्या, एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं आवळायची, आणि मग आतल्या पाच जोडांत बोटभर लांबीच्या काड्या उभ्या अडकवायच्या, म्हणजे चांदणीला पोट येतं. एक काडी जरी कमीजास्त झाली तर चांदणी कलते. वरून पतंगाचा कागद, गव्हाच्या पिठाची खळ, आत चाळीसचा बल्ब. आता बाजारात प्लास्टिकच्या मिळतात, लुकलुकणाऱ्या. आमच्या गॅलरीतही तीच आहे. मला आवडत नाही, पण पुण्यात कामट्या शोधत कोण फिरणार?

आणि कॅरल, म्हणजे घरोघर जाऊन गायची नाताळची गाणी. हे खरं तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. नाताळाच्या आधी आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर तरुण संघाची मंडळी पेटी, ढोलकी, टाळ, खंजिरी घेऊन घरोघर निघतात. नगरची डिसेंबरातली थंडी म्हणजे काही गंमत नाही. कानटोप्या, मफलर, आजोबांच्या अंगावर घोंगडी. पूर्वी पुढे गॅसबत्ती असे, आता मोबाइलचे टॉर्च. प्रत्येक दारात दोन गाणी, पाळकसाहेबांची प्रार्थना, चहा, फराळ, दानपेटीत वर्गणी, की पुढच्या घरी. शेवटच्या घरी पोचायला मध्यरात्र होते आणि तिथला चहा सोळावा-सतरावा असला तरी नाही म्हणायची सोय नसते.

गाणी कोणती? साहेबलोकांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले होते. ती आम्ही गातो, पण मराठीची त्यात ओढाताण होते. ठेका धरायला लावतात ती भजनं. नगरला एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं होऊ लागली होती. मग १८९५ साली कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंगांच्या, पदांच्या वळणाची शेकडो गीतं लिहिली. ती वर्षभर आमच्या उपासनेत असतात. ढोलकीवर थाप पडून टिळकांचं पद सुरू झालं, की गल्लीतले इतरही दार उघडून उभे राहतात. हल्लीच्या पोरांना कीबोर्ड आणि गिटार लागते. लागू दे, पण पेटी घरी ठेवून येऊ नका एवढंच माझं म्हणणं.

शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, नाताळच्या नाटकात मी दोनदा मेंढपाळ झाले, देवदूत कधीच नाही. पांढरा फ्रॉक माझ्याकडे नव्हता. मेंढपाळाला घोंगडी आणि काठी पुरे, आणि ती आमच्याकडे घरोघर. शिवाय गोष्ट कळायला काही अडचण नव्हती. दिवाळीनंतर धनगर खताच्या बोलीवर मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात, रात्रभर राखण करतात. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची बातमी रात्री राखण करणाऱ्या मेंढपाळांना मिळते, ते मेंढपाळ आम्हाला थेट बांधापलीकडचे वाटायचे.

२५ तारखेला सकाळी उपासना, मग प्रीतिभोजन. मंडळीतली सगळी घरं एकाच पंगतीला: मटण, भात, शिरा. वाईनबद्दल विचारता म्हणून: आमचं मिशन कडक दारूविरोधी होतं, आणि निदान आमच्या आजीसमोर कुणाची टाप नव्हती. आजीच्या पाठीमागचं मी लिहिणार नाही.

संध्याकाळी भेटीगाठी, फराळाची ताटं. सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी शेतावर हुरडा. कॅथलिक नातेवाइकांकडे चोवीसच्या मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे उपासना असते आणि येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा आमच्यापेक्षा कितीतरी देखणा. तो बघायला आम्ही मुद्दाम जातो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, घरी कधी येऊ? पंचविसाला दुपारी येऊ नका, घराला कुलूप असेल. संध्याकाळी सहानंतर या. काही आणू नका. आमचा स्टीलचा डबा मागच्या नाताळापासून तुमच्याकडेच आहे, तेवढा आणा.