तुम्ही विचारलंत म्हणून: कळसूबाईला आता का नेत नाही?

पहिला पाऊस झाला की फोन सुरू होतात. "दादा, यंदा कळसूबाई कधी?" मी नाही म्हणतो. मग ठरलेला प्रश्न: "का पण? तुम्हीच तर आम्हाला तिथं पहिल्यांदा नेलंत."

नेलं, खरं आहे. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, आणि वाट अशी की नवख्यालाही जमावी. बारी गावातली भाताची खाचरं ओलांडायची, कातळ चढायचा, मग शिड्या. डोंगर सगळ्यांचा आहे, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो.

जुलैतला रविवार. माझ्या बॅचमध्ये अडतीस माणसं. शिडीवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले आणि सगळंच थांबलं. खालून रेटा, वरून रेटा, धुक्यात पुढचं काही दिसेना, वारा तर माणसाला कातळावरून सोलून काढेल असा. पाऊण तास आम्ही जागच्या जागी. माझ्या वर पाच माणसं सोडून बॅचमधल्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. ओल्या लोखंडाला धरून त्यांची बोटं आखडली होती. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, पकड सुटतेय माझी."

मला त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. लीडर मी, आणि माझा हात त्यांच्या बुटालाही लागत नव्हता.

वर चहा विकणारा बारीचा एक पोरगा शिडी सोडून बाजूच्या कातळावरून सरसर उतरला. त्यांच्या पायाखाली स्वतःचा खांदा दिला आणि वरच्यांवर ओरडत राहिला. शेवटी उतरणारे मागे सरले. गावात पोचल्यावरही मावशींना बुटाची नाडी सोडता येईना, ती मी सोडली. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

गर्दी काही मी एकट्यानं केली नव्हती, असं बरीच वर्षं सांगत आलो. पण त्या शिडीवर अडतीस जण माझे होते. बारीची खाचरं, सप्टेंबरात उतारावर पसरणारी पिवळी सोनकी, ढग फाटला की अचानक समोर उभे राहणारे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. हे दाखवायला नेतो म्हणायचो. दाखवलं काय, तर पुढच्या माणसाची पाठ. कळसू नावाच्या मुलीनं केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर पाटलाकडे काम धरलं, अट मोडली तशी ती डोंगरावर निघून गेली, असं सांगतात. तिच्या देवळापाशी आम्ही प्लास्टिकचा केर टाकून येतो.

मग मंगळवारी न्या, दहाच जण न्या, असं तुम्ही म्हणाल. तेही करून पाहिलं. दहाजणांनी फोटो टाकले, पुढच्या रविवारी त्यांचे मित्र गेले.

आणि मी जायचं थांबवलं म्हणून शिडीवरची रांग कमी झालेली नाही. बारीत पिठलं-भाकरी करणाऱ्या घरांचा पावसाळा आपल्यावर चालतो, हेही मला ठाऊक आहे. तुम्हा सगळ्यांना नाही म्हणून झालं. परवा त्या चहावाल्या पोराचा फोन आला होता, "सर, यंदा बॅच आणताय ना?" त्याला मात्र अजून उत्तर दिलेलं नाही.