दीड इंचाचं दार

अमेरिकेत बागसामानाच्या दुकानात पक्ष्यांच्या लाकडी पेट्या ओळीनं मांडलेल्या असतात. उतरतं लाल छप्पर, रंगवलेल्या खोट्या खिडक्या, भोकाखाली बसायला गोंडस दांडी. ब्लूबर्ड नावाच्या छोट्या निळ्या पक्ष्याला यातलं काहीच नको असतं, आणि दांडी तर मुळीच नको. हा ढोलीत राहणारा पक्षी, उभ्या लाकडाला नखं रोवून सहज आत शिरतो. दांडी उपयोगी पडते ती भोकासमोर ठाण मांडून बसणाऱ्या चिमणीला.

होय, आपलीच चिऊताई. १८५१ च्या सुमारास ती ब्रुकलिनमध्ये मुद्दाम आणून सोडली आणि पुढे खंडभर पसरली. नाशिक-पुण्याकडे लोक गॅलरीत खोकी टांगून तिची वाट पाहतात. न्यू जर्सीत तीच ब्लूबर्डच्या पेटीत घुसते, अंडी फोडते, पिल्लं मारते, कधी अंड्यांवर बसलेल्या मादीलाही टोचून मारते आणि त्यावरच आपलं घरटं रचते. साळुंकीच्या कुळातला स्टार्लिंगही असाच युरोपातून आणलेला, पण तो अंगानं मोठा. भोक बरोबर दीड इंचाचं, म्हणजे ३८ मिलिमीटरचं ठेवलं की तो बाहेरच राहतो. चिमणी मात्र सहज आत जाते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ब्लूबर्डसाठी पेटी लावायची तर निम्मी अक्कल चिमणीपायी खर्च होते.

पेटीचं सुतारकाम सोपं आहे. पाऊण इंच जाडीचं सीडर किंवा पाइन, औषध न मारलेलं. तळ आतून चार बाय चार ते पाच बाय पाच इंच, भोक तळापासून साधारण सहा इंच वर. तळाचे कोपरे किंचित छाटायचे म्हणजे पाणी निथळतं, छपराखाली पाव इंच फट ठेवायची म्हणजे उन्हाळ्यात आतली पिल्लं उकडत नाहीत. भोकाखाली आतल्या बाजूला आडव्या खाचा पाडायच्या, गुळगुळीत फळीवरून पिल्लांना वर चढता येत नाही. आतून रंग नको. एक बाजू उघडणारी हवी, नाहीतर साफसफाई करणार कशी?

खरी चूक होते ती जागेत. कुंपणावर किंवा झाडावर ठोकलेली पेटी म्हणजे रॅकून, मांजर आणि साप यांना वाढलेलं ताट. गुळगुळीत लोखंडी पाइप रोवावा, पेटी पाचेक फूट उंचीवर लावावी आणि तिच्याखाली आठ इंच व्यासाचं, दोन फूट लांबीचं, वरून बंद असलेलं पत्र्याचं नळकांडं थोडं डुगडुगेल असं अडकवावं. पाइपला ग्रीस फासू नये, ते पिसांना लागलं तर पक्षी कामातून जातो. समोर आखूड गवत हवं, कारण हा पक्षी उंचावर बसून जमिनीवरचा किडा हेरतो. दाट झुडपं शंभर फूट तरी लांब बरी, तिथून रेन पक्षी येऊन अंड्यांना भोकं पाडतो. ट्री स्वॉलो, म्हणजे भिंगरीच्या कुळातले पक्षी, जागा बळकावत असतील तर भांडत बसू नका, पंधरा-वीस फुटांवर दुसरी पेटी लावा. स्वॉलोची जोडी दुसऱ्या स्वॉलोला जवळ येऊ देत नाही, ब्लूबर्डचा शेजार मात्र चालवून घेते.

फेब्रुवारी-मार्चपासून आठवड्यातून एकदा आत डोकवावं. बारीक सुक्या गवताची किंवा पाइनच्या सुयांची नीटस वाटी ब्लूबर्डची. काटक्या रेनच्या. गवत, पिसं, कागद, प्लास्टिक असा छपरापर्यंतचा उकिरडा चिमणीचा. फक्त तो काढायची मुभा आहे, मूळच्या अमेरिकी पक्ष्यांच्या वापरातल्या घरट्याला हात लावणं गुन्हा ठरतो. चिमणीची अंडी फेकली तर बिथरलेला नर शेजारच्या पेट्यांवर तुटून पडतो, म्हणून जाणते लोक ती निकामी करून परत ठेवतात. ब्लूबर्डचं पहिलं अंडं दिसलं की छपरावर लोंबतील अशा चकचकीत पट्ट्या बांधाव्यात. चिमण्या बिचकतात, अंड्यांत जीव अडकलेली मादी मात्र येत राहते. पट्ट्या आधीच बांधल्या तर तीही फिरकत नाही. आणि हो, अंगणात तांदळाच्या कण्या, पोळीचे तुकडे टाकायची आपली सवय इथं आवरावी. त्या पंगतीला कोण येतं ते सांगायला नको.

फिकट निळी चार-पाच अंडी, दोनेक आठवड्यांची उब, मग अडीच-तीन आठवड्यांत पिल्लं उडतात. ती बारा दिवसांची झाली की पेटी उघडणं बंद, नाहीतर घाबरून वेळेआधीच बाहेर उड्या मारतात. उडाली की जुनं घरटं काढून टाकावं, त्याच उन्हाळ्यात दुसरी वीण होऊ शकते.

दाण्यांच्या फीडरकडे हे पक्षी सहसा बघत नाहीत. मीलवर्मच्या जिवंत अळ्यांवर मात्र तुटून पडतात. पक्ष्यामागे दिवसाला पंधरा-वीस पुरेत. उरलेल्या अळ्या गव्हाच्या कोंड्यात, गाजराच्या तुकड्यासकट फ्रिजमध्ये कित्येक आठवडे टिकतात. डब्यावर ठळक अक्षरात नाव लिहावं, विशेषतः भारतातून सासूबाई आलेल्या असताना.