फनोम रुंगचे शेवटचे १२ किलोमीटर

नकाशावर फनोम रुंगचं देऊळ हमरस्त्यापासून जेमतेम १२ किलोमीटर दिसतं. थायलंडच्या इसान भागातल्या माझ्या फेरीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो याच अंतराने.

कोराट-सुरिन बस २४ क्रमांकाच्या महामार्गावर बान ताकोच्या फाट्यावर उतरवते आणि निघून जाते. पुढे टेकडीवर बस नाही, मोटारसायकलवाले असतात. मी नुसतं ‘वर सोडा’ एवढंच ठरवलं, तिथेच चुकलं. परतीला वर वाहन मिळेना, आणि इसानचं दुपारचं ऊन म्हणजे आपला विदर्भच. भाडं चार गोष्टींचं एकत्र ठरवा: जाणं, वर दोन तास थांबणं, उतरताना मुआंग तामचं देऊळ, आणि फाट्यावर परत. आकडा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवा, म्हणजे नंतर वाद नको. फाट्याचं नाव थाई लिपीत फोनमध्ये ठेवा, आपल्या उच्चारातलं ‘ताको’ वाहकाला कळत नाही. दोघं असाल आणि सोबत बॅगा असतील, तर फाट्यावर उतरूच नका. कोराटहून येताना आधी लागणाऱ्या नांग रोंग गावाला मुक्काम करून तिथूनच दिवसाची गाडी घ्या.

देवळात पूर्व दारावरचा शेषशायी विष्णू चुकवू नका. चोरीला गेलेली ही शिळा १९८८ साली शिकागोहून परत आली. एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उगवतीचं ऊन १५ दारांतून आरपार जातं, पण तेव्हा गर्दीही तशीच. मुआंग तामचा कोट चक्क जांभ्या दगडाचा!

सुरिनजवळच्या बान था सावांग या रेशीम विणणाऱ्या गावात जरीकामाचा माग चौघं मिळून चालवतात, एकजण खाली खड्ड्यात बसून. दिवसाला कापड विणून होतं ६-७ सेंटिमीटर. किंमत ऐकून दचकू नका. मुडमी रेशीम त्याहून परवडतं. त्यात बाण्याचा धागा विणण्याआधीच गाठी बांधून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा किंचित पसरलेल्या दिसतात. कडा अगदी रेखीव असतील तर कापड छापील असण्याची शंका घ्या. साडीची लांबी मागू नका. तुकडा बहुधा ४ यार्डांचा असतो, २ नक्षीचे आणि २ साधे. थाई रेशमाच्या अस्सलपणाचा सरकारी मोराचा शिक्का बघा: सोनेरी म्हणजे देशी किड्याचं, हाताने काढलेलं रेशीम, हिरवा म्हणजे मिश्र धागा.

हो, राहिलंच! बँकॉकहून सुरिनकडच्या जलद गाड्या २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात स्थानकातून सुटतात. जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन उभे राहू नका.