पितृपक्ष टाळून भुते

ऑक्टोबरातला एखादा शनिवार मोकळा आहे का, हे पाहण्यासाठी मी परवा दुपारी भिंतीवरचे कालनिर्णय उतरवून टेबलावर घेतले, तेव्हा आई समोर गवार मोडत बसली होती. मुलांचा हट्ट गेल्या वर्षापासूनचा आहे: इथल्या न्यू जर्सीतल्या जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर या थीम पार्कात हॅलोविननिमित्त भरणाऱ्या ‘फ्राइट फेस्ट’ला जायचे. आम्ही राहतो त्या एडिसनहून ते तसे जवळच असल्यामुळे अंतराची सबब चालत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, मुख्यतः शनिवार-रविवार धरून हा उत्सव चालतो. म्हणजे ज्यांच्या घरात एकच कॅलेंडर आहे, त्यांना निवडीला भरपूर वाव असतो. आमचे सप्टेंबरचे शनिवार पितृपक्षाने घेतले, पुढचा घटस्थापनेनंतरच्या उपासांत अडकला, त्यापुढचा कोजागरीच्या दुधात, आणि मग फराळाची गडबड सुरू होते. कोजागरी आणि धनत्रयोदशी यांच्या मधे जो एक शनिवार उरतो, तेवढाच काय तो भुतांसाठी.

पितृपक्षात गेलो असतो तर गर्दी कमी मिळाली असती, असे मी म्हणून पाहिले. त्यावर आईने गवारीवरची नजर न काढता विचारले, “भुतां बघूक पैशे कशाक व्हये?”

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावात भुते फुकट होती आणि त्यांना पत्ते होते. मुंजा पिंपळावर असे, गिऱ्हा, म्हणजे पाण्यातले भूत, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कोंडीत असे, आणि वेशीवरचा राखणदार रात्रभर गावाभोवती फिरतो म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी सगळ्यांची खात्री असल्यामुळे त्याला नव्या वहाणा वाहण्याची रीत होती. त्या वहाणा मी जवळून पाहिलेल्या आहेत. जाड चामड्याच्या, माणसाच्या पायापेक्षा बऱ्याच मोठ्या, आणि शेजारी ठेवलेल्या जुन्या जोडाचा तळ टाचेकडे खरोखरच पातळ झालेला. तो पावसाने झाला की वाळवीने, हे विचारण्याची बुद्धी त्या वयात होत नाही. रात्री मागील दारी जायचे झाले, तर आई कंदील घेऊन उंबऱ्यात उभी राही आणि मी खाकरत जाई. त्या काळोखातून माझ्या अंगावर कधीच काही आले नाही. कोणी ओरडले नाही, कोणी हात धरला नाही. तरीही परत येताना पाठीचा जो भाग कंदिलाच्या उजेडात नसे, तो मला वेगळा जाणवत असे.

थीम पार्कातल्या भयाबद्दल माझी जी तक्रार आहे, ती इथूनच निघते. मला भ्यायला आवडते, दचकायला आवडत नाही. दाराआडून ‘भॉक’ करणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो, मग तो माझा स्वतःचा मुलगा का असेना. आणि या उत्सवात तर सारा कारभार दचकवण्याचाच. दिवसभर उद्यान नेहमीसारखे लहान मुलांचे असते आणि दिवस मावळला की रंगवलेल्या चेहऱ्यांची माणसे धुरातून रस्त्यांवर उतरतात, फरशीवर लोखंड घासत अंगावर धावून येतात, पण नियमाप्रमाणे स्पर्श करत नाहीत. अंधारी घरे, म्हणजे ज्यांना ते मेझ म्हणतात, त्यांत जायला प्रवेशाच्या तिकिटाखेरीज निराळे पैसे पडतात. अशा काही उद्यानांत तर गळ्यात घालायची चमकणारी माळ विकत मिळते. ती घातली की भुतांनी तुम्हांला सोडून पुढच्याकडे जायचे असते. धाकट्याने हे ऐकल्यापासून माळेचा धोशा लावला आहे, थोरलीने त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल केली आहे, आणि आईने मात्र माळेची कल्पना फार गंभीरपणे घेतली. देवघरातला अंगारा लावून जाऊ, माळेचे पैसे वाचतील, असे तिचे म्हणणे पडले.

संध्याकाळनंतरचा कार्यक्रम लहान मुलांसाठी नाही, असे उद्यानवालेच सांगतात. तेव्हा धाकट्याला अंधार पडण्याआधी बाहेर काढायचे आणि त्याच्या बाबांबरोबर घरी पाठवायचे, मग उरलेल्यांनी परत कसे यायचे, दोन गाड्या न्यायच्या का, पार्किंगचे पैसे दुप्पट होतील त्याचे काय, असा हिशेब मी वहीत मांडत होते. हॅलोविनची तयारी म्हणजे निम्म्याहून अधिक पार्किंगचीच चिंता असते.

हे करता करता उद्यानाचा इतिहास चाळत गेले आणि वही बाजूला ठेवावी लागली. याच ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमध्ये एके काळी ‘हॉन्टेड कॅसल’ नावाचे भुताटकीचे घर होते. बाहेरून किल्ला, आतून एकमेकांना जोडलेले ट्रेलर. 11 मे 1984 रोजी संध्याकाळी त्याला आग लागली आणि आत अडकलेली आठ मुले, सगळी किशोरवयीन, गेली. आत पाण्याचे फवारे नव्हते, धुराची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. पुढे अशा घरांसाठीचे अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले, त्यामुळे आजच्या मेझमध्ये अंधाराइतकाच विचार बाहेर पडण्याच्या दारांचाही केलेला असतो. ते सगळे ठीक. पण त्या रात्रीच्या वृत्तान्तातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: आग दिसली तेव्हा आतल्या काही जणांना ती खेळाचाच भाग वाटली होती.

जिथे प्रत्येक किंकाळी खोटी असते असे आपण आधीच मान्य करून आत शिरतो, तिथे खरी किंकाळी कोणती, हे कसे ओळखावे? गावच्या गिऱ्ह्याच्या बाबतीत हा घोटाळा नव्हता. तो असो वा नसो, व्हाळाचे पाणी खोल होते, आणि त्याच्या नावाने मुले कोंडीपासून लांब राहत. इथले भूत मात्र मुलांना आत बोलावते.

मी थोरलीला हे सांगितले. भुताच्या घरात काही खरे वाटले, तर ते खरेच आहे असे धरून बाहेर पड, लोक हसले तरी चालतील, असे बजावले. तिने “हो गं आई” म्हणून फोनमध्ये डोके घातले. त्या शनिवारची प्रवेशाची तिकिटे मी काढली, मेझची काढली नाहीत, आणि तसे जाहीरही केले. तर आता आईच अडून बसली आहे. इतक्या लांब येऊन भुताच्या घरात न जाता परत गेले तर गावात काय सांगू, म्हणते. तिला नात घेऊन जाणार आहे म्हणे. दोघींनी परस्पर ठरवले असेल तर माझे कोण ऐकतो.