ओम्नीत ८०० चं इंजिन: काय जुळलं, काय अडलं

गाडी केए २२ (बेळगाव) पासिंगची कार्बोरेटरवाली मारुती ओम्नी. आत जाणारं इंजिन कार्बोरेटरवाल्याच मारुती ८०० चं, कोल्हापूरकडून आणलेलं. दोन्ही तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. एवढं ऐकलं की कुणीही म्हणतो, "डायरेक्ट बसतंय की!" तसं नाही. ८०० मध्ये इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना. ओम्नीत ते सीटखाली गाडीच्या लांबीत, एका कुशीवर कललेलं, आणि ओढ मागच्या चाकांना. त्यामुळे पोटातलं ८०० चं, बाहेरून लटकणारं सगळं ओम्नीचं, असा हिशेब धरलाय. जुनं इंजिन एवढ्यात भंगारात घालू नका.

घेण्याआधी तिन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन बघायचं. आकड्यापेक्षा तिन्हींतला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांवर गेला तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. वाढलं तर रिंगा गेल्यात, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

सगळ्यात जास्त वेळ चेंबरनं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यानं, खाल्ला. चेंबर, त्यातून ऑइल ओढणारी जाळी आणि ऑइलची पातळी बघायची पट्टी हे त्रिकूट एकाच गाडीचं हवं, म्हणजे इथं ओम्नीचं. चेंबर ओम्नीचा आणि जाळी ८०० ची राहिली, तर जाळीचं तोंड तळाच्या खोलगट भागात येत नाही. सपाटीला कळणार नाही, पण जांबोटीवरून चोर्ल्याच्या घाटात गेलं की पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. तपासायला जाळीच्या तोंडाला कणकेचा गोळा लावा, गॅस्केटसकट चेंबर दाबून बसवा, काढून कणकेची जाडी मोजा. ६ ते १० मिमी असली तर ठीक. कमी असेल तर तोंड दबतं.

क्लचकडे तीन वेगळी नाती आहेत. क्लच प्लेटचे मधले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळायला हवेत, प्रेशर प्लेटची भोकं फ्लायव्हीलशी (क्रँकच्या मागचं जड चाक), आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते सेल्फशी (स्टार्टर मोटर). फ्लायव्हील ओम्नीचंच उचलून लावलं, बोल्ट नवे. त्यावर चरे होते म्हणून उद्यमबागेत लेथवर फेसिंग केलं, म्हणजे तोंड सपाट करून घेतलं. लेथवाल्याला आधीच सांगा: फ्लायव्हीलला पायरी असेल, तर प्लेट घासते तिथून जेवढं काढाल तेवढंच प्रेशर प्लेट बसते त्या कडेवरूनही काढायचं. नाहीतर प्लेटवरचा दाब बदलतो आणि क्लच घसरतो. दोष मात्र नव्या प्लेटवर जातो.

क्रँकच्या मागच्या भोकातलं पायलट बेअरिंग हमखास विसरलं जातं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात टेकतं. आडव्या इंजिनाला ते असेलच असं नाही. भोक आणि शाफ्टचं टोक दोन्ही व्हर्निअरनं मोजून घ्या. ते नसेल तर शाफ्ट डुगडुगतो, पहिला गिअर कटकट करत पडतो.

मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरही ओम्नीचेच. इंजिन कललेलं असल्यानं ८०० च्या मॅनिफोल्डवर कार्बोरेटर तिरका बसतो आणि फ्लोटची पातळी खोटी होते. पेट्रोल एकतर वाहतं नाहीतर कमी पडतं. प्लगच्या वायरी लावायचा क्रम १-३-२. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप आणि क्रँकचं मागचं सील इंजिन खाली असतानाच बदला. चढवल्यावर मागच्या सीलसाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं.

एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं) इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून या गाडीत घालू नये, असं आमचं मत. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, टाकीतला पंप सगळंच बदलायचं, आणि जुने पेट्रोल पाइप जवळपास ३ बारच्या दाबासाठी नसतातच.

कागदांचं आधी. आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खालची परवानगी बेळगावच्या आरटीओकडून काम सुरू करण्याआधीच घ्यायची. इंजिन सीमेपलीकडचं असेल तर पक्कं बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

सध्या इंजिन फाउंडेशनवर (गाडीतल्या रबरी टेकूंवर) आहे, क्लच केबल लागलीय. सायलेन्सरचा पुढचा पाइप क्रॉस मेंबरला घासतोय, तिथं वाकवून निदान बोटभर जागा करायची आहे.