आज कोठडी उभी राहिली

तुरुंगातल्या क्रांतिकारक बायकांवरच्या विडंबनपटाचा सेट आज उभा राहिला. गज १ इंची पीव्हीसी पाइपचे, मध्ये ४ इंच अंतर. पाइप आधी १२० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासलाच पाहिजे. गुळगुळीत पाइपवर रंग धरत नाही, हात लागला की पोपडे निघतात. शिवाय मुठीत धरून ओढला की पाइप वाकतो आणि कोठडीचं खेळणं होतं. म्हणून नट्या धरतात ते चार गज कोल्हापूरच्या उद्यमनगरातून लोखंडीच करून आणले. खणखणाटही त्यांचाच घ्यायचा. पाइप पोकळ वाजतो.

खरी मेहनत मात्र हसू कुठून आणायचं याची. बायकांवर हसलं तर सिनेमा गेला. १९३१ मध्ये बंगालमधल्या कोमिल्ल्यात ब्रिटिश मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सवर गोळ्या झाडणाऱ्या शांती घोष आणि सुनीती चौधरी शाळकरी मुली होत्या. दोघींना जन्मठेप! त्या काळी कैद्यांचे अ, ब, क वर्ग पाडत आणि जेवण, अंथरूण त्यावर ठरे. विनोद आहे तो या वर्गवारीत. जेलरनं नियमांची वही अगदी गंभीरपणे वाचायची, डोळासुद्धा मिचकवायचा नाही. आज तालमीत नेमकं तेच निसटत होतं.

मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या या गावात भिंतीवर ओल रंगवणारे हात मिळतात, हे मात्र भाग्य. उद्या सकाळी ७ ला पहिला शॉट.