लाल कपड्यातली क्रिस्टिना

आज दुपारी कामं सगळी बाजूला राहिली. मर्व्हिन ओ'गॉर्मनने १९१३ साली काढलेले रंगीत फोटो बघत बसले होते. इंग्लंडमधला लुलवर्थ कोव्हचा किनारा आणि क्रिस्टिना बेव्हन नावाची मुलगी. लालभडक कपडे, मोकळे सोडलेले केस. मागाहून रंगवलेत असं वाटतं, पण नाही! हे ऑटोक्रोम, रंगीत फोटो काढायची एक जुनी पद्धत.

फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेली काचेची प्लेट. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळट निळ्या रंगात रंगवून त्यावर पसरलेले, मधल्या फटी काजळीने बुजवलेल्या. हो, बटाटाच. या कणांतून गाळून उजेड आत जायचा, म्हणून एका फोटोला काही सेकंद तरी लागायचे. तेवढा वेळ पोरीने हलायचं नाही! तरी चेहरा अजिबात अवघडलेला नाही, याचंच मला जास्त कौतुक.

ओ'गॉर्मन पेशाने इंजिनिअर, फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्याचा प्रमुख. फोटोग्राफी निव्वळ हौस. लाल रंग मात्र त्याने मुद्दाम निवडला असणार, ऑटोक्रोमवर तो काय खुलतो!

संध्याकाळी लेकीला दाखवले. पहिला प्रश्न, "आई, फिल्टर कुठला?"